तिसरा डबा, दुसरं दार

घरसामान हलवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू दिसली की ती दारातून आडवी निघेल की उभी, याचा तो मनातल्या मनात विचार करायला लागतो. बाळ्याचं तसंच होतं. नाव बाळ्या आणि देह कपाटाएवढा. सासरी पहिल्यांदा जेवायला गेला तेव्हा सासूबाईंच्या हातचं काय खाल्लं ते त्याला आठवत नव्हतं, पण त्यांचं लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकणार हे त्यानं बाहेर पडताच सांगितलं होतं. बायको ही गोष्ट अजून चारचौघांत सांगते आणि तो प्रत्येक वेळी म्हणतो, की मग, अडकलंच ना शेवटी?

आज विमानतळावर तो मापं घेत होता ती ताईच्या खुर्चीची. ताई त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. लहानपणापासून खुर्चीत, आणि आताची खुर्ची विजेवर चालणारी, भरल्या फ्रीजलाही मागे टाकेल इतकी जड. विमानाच्या पोटातून ती सगळ्यात शेवटी बाहेर आली, तीही पाय ठेवायची पट्टी वाकवून. तक्रार लिहून द्यायची तर अजून तासभर बसावं लागलं असतं. बाळ्यानं गुडघा टेकला, दोन्ही हातांनी पट्टी धरली आणि दात-ओठ खात सरळ केली. ताई म्हणाली, बरं झालं तू डॉक्टर झाला नाहीस. दोघंही हसले आणि लगेच गप्प झाले, कारण डॉक्टर हा शब्द आज दोघांनाही नको होता.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ज्यांना यायचंय त्यांनी उद्याच यावं. बाबा बोलत नव्हते, खात नव्हते. खोलीचं दार वाजलं की तेवढं विचारत, “आली?” कोण ते विचारायची गरज नव्हती. ताई दूर देशी राहायची, ऐकायच्या पुस्तकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. तिचा धंदाच आवाजाचा. बाबा कानात यंत्र घालून तिची पुस्तकं ऐकत, समजोत न समजोत, आणि न्हाव्यालाही ऐकवत. पण खुर्ची घेऊन विमानात चढणं म्हणजे दर वेळी एक युद्ध, त्यामुळे सहा वर्षांत येणं झालं नव्हतं. फोनवर ती बाळ्याला म्हणाली होती, “मला काही बोलायचं नाहीये रे त्यांच्याशी. बोलणं तर रोजचंच आहे. मला फक्त हात लावायचाय.”

खुर्ची चढवता येईल अशी टॅक्सी एक दिवस आधी सांगून ठेवावी लागते, आणि एक दिवस आधी हे सगळं कुणाला ठाऊक होतं? बाळ्यानं आपला ट्रक देऊ केला होता. त्याला मागे सामान उचलायची फळी होती. ताईनं विचारलं, सोफ्याचं भाडं लावशील की पियानोचं? शेवटी रेल्वेच ठरली. स्टेशन विमानतळाच्या खालीच होतं आणि गावाला पोचायला सव्वा तास.

खाली मदतीच्या खिडकीत नारिंगी जाकिटातली एक बाई होती. तिनं दोघांना नीट समजावलं. इथला फलाट डब्याच्या बरोबरीला आहे, खुर्ची सरळ आत जाते. तुमचं स्टेशन जुनं, फलाट खोल. तिथे एक माणूस उतरती फळी घेऊन येतो, घडीची असते, ती दाराला लावली की खुर्ची खाली उतरते. पण गाडी तिथे थांबते जेमतेम. म्हणून तो माणूस आधीच नेमक्या दारासमोर उभा पाहिजे. तिनं दोघांसमोरच फोन लावला, हे बाळ्याला नंतर कितीदा तरी आठवत राहिलं. ती फोनवर म्हणाली, “तिसरा डबा, दुसरं दार.” फोन ठेवला आणि म्हणाली, “जागा बदलू नका हं.” हे तिनं दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा बाळ्याकडे बघून सांगितलं. अशी माणसं तिनं पाहिली असावीत.

तिसऱ्या डब्यातली खुर्चीची जागा पाठमोरी होती. गाडी जायची पुढे आणि ताईचं तोंड मागे. ताईला पाठमोरं बसवलं की काय होतं ते घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आधी ती बोलायची थांबते, मग ओठ पांढरे पडतात आणि मग पिशवी शोधेपर्यंत उशीर झालेला असतो. लहानपणी बाबा बसमध्ये भांडून तिच्यासाठी समोरची जागा मिळवायचे. कंडक्टरच्या अंगावर धावून गेले होते एकदा, एरवी कुणाला मोठ्यानं हाकही न मारणारे बाबा.

“राहू दे रे,” ताई म्हणाली. “तासाभराचाच तर प्रश्न आहे.”

पण बाळ्याला राहवेना. सहा वर्षांनी ही बाबांसमोर जाणार ती काय अशी, कपड्यांवर ओकून, चेहरा पांढराफटक करून? तो फलाटावर उतरला, खिडक्यांतून डोकावत शेवटपर्यंत गेला. शेवटच्या डब्यात तशीच एक जागा होती, आणि ती समोर तोंड करून. गाडी सुटायला अवकाश होता. त्यानं ताईला बाहेर काढलं, फलाटावरून नेलं आणि तिकडे आत घातलं. कुणाला विचारायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. खुर्ची खट्टकन बसली आणि बाळ्याच्या जिवाला बरं वाटलं. हे खिडकीतल्या बाईला कळवायला हवं हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण फलाटावरून जिना चढून परत त्या खिडकीशी कोण जाणार? आणि त्याच्या धंद्यात असं काही अडत नसे. कपाट एका दारातून निघेना तर दुसऱ्या दारातून काढायचं, खालच्या गड्याला हाक मारायची, तो येतो.

प्रवास छान झाला, हे सांगायला जड जातं, पण झाला खरा. ताईनं विमानातल्या शेजाऱ्याची नक्कल केली, जो तिच्याशी न बोलता तिच्याबद्दल हवाई सुंदरीशी बोलत होता: “यांना पाणी चालतं का?” बाळ्यानं आईची तक्रार सांगितली, की नर्सबाई बाबांचे केस चुकीच्या बाजूला विंचरतात आणि आई गुपचूप परत फिरवते. मग ताईनं विचारलं, की खरं सांग, मला ओळखतील ना? बाळ्या म्हणाला, दार वाजलं की तुझंच नाव. ती खिडकीकडे वळली. आईचा फोन आला, कुठवर आलात. बाळ्यानं सांगितलं, पोचतोच आहोत, स्टेशनपासून दवाखाना तर हाकेच्या अंतरावर. ताईनं त्याला तिची कॉलर नीट करायला सांगितली. केस कसे दिसतायत विचारलं. लग्नाला निघाल्यासारखी तिची लगबग चालली होती.

गावचं स्टेशन वळणावर आहे हे बाळ्याला जन्मापासून माहीत. त्या वळणाचा अर्थ त्याला आज कळला. दार उघडलं. फलाट गुडघाभर खाली. समोर कुणी नाही. त्यानं बाहेर वाकून पाहिलं तर चार डब्यांपलीकडचं काही दिसतच नव्हतं, गाडीच गाडीला आड येत होती. त्यानं हाक मारली. चौथ्या मजल्यावरून गड्यांना बोलावणारा त्याचा आवाज, फलाटावरची चार माणसं वळली, हवा तो वळला नाही. दुसरी हाक. मग वळणापलीकडून तो दिसला, घडीची फळी खांद्यावर घेऊन पळत येणारा सुटलेल्या पोटाचा माणूस, एका हातानं टोपी सांभाळत. तो तिथेच उभा होता, तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या दारासमोर, जिथे त्याला सांगितलं होतं तिथे.

बाळ्याचं धाबं दणाणलं. खुर्ची जाऊ दे गाडीबरोबर, ताईला उचलून खाली उडी मारायची, असं त्यानं ठरवलं. पण ताईला पाठ ताठ धरवत नाही, तिला खुर्चीला चार पट्ट्यांनी बांधलेलं असतं. छातीची पट्टी सुटली. कमरेची सुटेना.

“तू उतर,” ताई म्हणाली. “बाळ्या, पट्टी राहू दे. तू तरी उतर. तू जा त्यांच्याकडे.”

त्याचा एक पाय पायरीवर गेला. शिटी वाजायला लागली. त्यानं ताईकडे पाहिलं. छातीची पट्टी सुटल्यामुळे ती एका बाजूला कलली होती आणि मानेनंच त्याला जा, जा म्हणत होती. त्यानं पाय आत घेतला. दार मिटलं. काचेपलीकडे तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभा होता, शेजारी फळी.

भिंतीवरचं लाल बटण बाळ्यानं दाबलं, पुन्हा दाबलं, मग मूठ मारली. तिकीट तपासनीस धावत आला. तो भला माणूस होता, त्यानं आवाज चढवला नाही. सुटलेली गाडी आता मागे येत नाही, म्हणाला, पुढचं स्टेशन अर्ध्या तासावर, मी तिथे कळवतो. कुठला डबा, कुठलं दार ते त्यानं दोनदा बघून घेतलं. बाळ्या ताईची पट्टी परत लावत बसला. माफ कर म्हणायलासुद्धा तोंड नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “माझ्यासाठीच केलंस ना.” त्यापेक्षा तिनं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. ताईनं तो सगळ्यांना ऐकू येईलसा लावला, तिला कानाशी धरता येत नसे. आई कुजबुजत होती. श्वास बदललाय, म्हणाली. नर्सबाई म्हणतात आता थोडाच वेळ. तुम्ही खाली पोचला असाल, पण तोवर तू बोल, मी फोन त्यांच्या कानाशी धरते.

बाळ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. गोदामं मागे पडत होती, मग नदी, मग पूल. प्रत्येक खांब त्यांना बाबांपासून लांब नेत होता. त्याला वाटलं, ताई आता रडेल. ताईनं डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि पुस्तक वाचतानाचा तो आवाज लावला, भरलेला, संथ, कुठेही न थरथरणारा.

“बाबा, मी आले. खाली आलेय दवाखान्यात. लिफ्टमध्ये शिरतेय बघा. बाळ्या आहे बरोबर, त्याचं लिफ्टचं माप घेणं चाललंय. खुर्ची मावते की नाही म्हणतो. मावली. आता वर येतेय. अगदी दाराशी आलेय बाबा. एवढं थांबा हं. आलेच मी.”

डब्यातली माणसं वर्तमानपत्रातून, फोनमधून डोकी वर काढून बघायला लागली आणि ऐकल्यावर त्यांनी ती खाली घातली. ताई बोलतच राहिली. बाळ्यानं तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता, आपला आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. पुलानंतर डोंगर आला, बोगदा लागला आणि फोन तुटला. ताई त्यानंतरही दोन वाक्यं बोलली. बोगद्यातून बाहेर पडल्यावर तिनं परत फोन लावायला सांगितला नाही आणि त्यानंही लावला नाही. लागू नये असंच दोघांना वाटत होतं.

पुढच्या स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा उतरती फळी दारासमोर तयार होती. शेवटचा डबा, बरोबर दार, एक इंचही इकडेतिकडे नाही. ती लावणारी मुलगी नवी असावी, कामावर खूश. तिनं खुर्ची हळू खाली घेतली आणि विचारलं, “ठीक ना? बरोबर दाराशी होते ना मी?” ताईनं तिचे आभार मानले, त्याच संथ आवाजात. मुलगी म्हणाली, परतीची गाडी पलीकडच्या फलाटावर, दहा मिनिटांत, मी पुढे फोन करून ठेवते. ती सांगेल त्या डब्यात, ती सांगेल त्या दारानं जायचं असं या वेळी बाळ्यानं मान हलवूनच कबूल केलं.

ते फलाटावरून चालले असतानाच फोन वाजला. ताईनं खुर्ची थांबवली. आई कुजबुजत नव्हती आता. तिचा आवाज नेहमीसारखा होता, किंचित थकलेला, कामं उरकल्यावर असतो तसा.

“गेले गं,” आई म्हणाली. “पण तुझा आवाज ऐकला त्यांनी. सकाळपासून डोळे उघडले नव्हते, ते उघडले. मला म्हणाले, दार उघड. मी उठले आणि दार सताड उघडून ठेवलं. दाराकडेच बघत होते. बघता बघताच गेले. चांगलं केलंस बाई, वेळेवर आलीस.”

ताईचे ओठ हलले.

“लिफ्ट अडकली का गं?” आईनं विचारलं. “अडकते ती मधेच, कालही अडकली होती. सावकाश या. मी दारातच उभी आहे.”

ताईनं बाळ्याकडे पाहिलं. लाख पुस्तकं वाचलेल्या त्या गळ्यात एक शब्द उरला नव्हता. पलीकडच्या फलाटावर परतीची गाडी येत असल्याचं कुणीतरी सांगत होतं. बाळ्या खाली बसला, खुर्चीच्या हातावरच्या फोनशी तोंड नेलं.

“आई,” तो म्हणाला, “तू आत जा. त्यांच्याजवळ जाऊन बस. आम्हाला अजून वेळ लागेल.”