आईने शिवलेली मोटार

आमच्या घरात त्या गाडीला सगळे 'मावशी' म्हणायचे. ती होतीच मुळी बाबांच्या मावशीची. ही मावशी मुख्याध्यापिका होती, एकटी राहायची आणि गोल नाकाची ती हिरवी, चार दारांची गाडी स्वतः चालवत शाळेत जायची. ती गेल्यावर गाडी बाबांकडे आली, तीही चालत नाही, दोरीला बांधून ओढत. एकदा जी गॅरेजमध्ये शिरली ती शिरलीच. माझं लग्न झालं, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले, तरी मावशी जागची हलली नाही. टायर बसले, रंगाचे पापुद्रे सुटले आणि कडेकडेने गंज चढत गेला.

"रिटायर झालो की हिला उभी करणार," बाबा म्हणायचे.

"उभीच तर आहे," आई म्हणायची.

बाबा छापखान्यात मशीनवर होते. रिटायर झाले आणि खरोखरच बाह्या सरसावून कामाला लागले. दारं उतरवली, बंपर काढला, सीट बाहेर ओढल्या, काकांना मदतीला घेऊन इंजिन उचललं. प्रत्येक नट, प्रत्येक स्क्रू बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. माझी आई शिंपीण. पुढच्या खोलीत तिचं दुकान, तिथे कोट, शाळेचे गणवेश, पडदे, जे येईल ते शिवायची. बाबांनी फाटक्या सीट तिच्यापुढे नेऊन ठेवल्या आणि म्हणाले, "हे तुझं खातं." आईने जुनी कव्हरं टाके उसवून अलगद सोडवली, कागदावर पसरून त्यांचा बेत काढला आणि जाड तपकिरी कापडाची नवी शिवली. अशी बेतशीर बसली की बाबा दिवसभर त्या सीटवरून हात फिरवत होते.

मग एका रविवारी मी आले तेव्हा बाबा गॅरेजमध्ये स्टुलावर बसून एक नट बसवत होते. नट बोल्टच्या तोंडाशी जायचा आणि तिथेच टकटक वाजत राहायचा, आत काही शिरायचा नाही. मला पाहताच त्यांनी हात खिशात घातला. पण आईने ते आधीच ओळखलं होतं, चहाचा कप बशीत वाजायला लागला त्या दिवसापासून. तिनेच त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा कंप गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही.

त्यानंतर बाबांनी गॅरेजचं दार लावून टाकलं. मी पुन्हा आले तेव्हा ते आईच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते. म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावलंय. उद्या येईल."

आईचं मशीन थांबलं. "कशाला?"

"मावशीला न्यायला. माझ्याच्याने आता होणार नाही."

"सीट शिवून झाल्यात."

"सीटचं काय, घरात ठेव. कोणीतरी बसेल."

आईने मशीनचा दाब वर केला, कापड काढलं, धागा दातांनी तोडला. "आजवर अर्धवट शिवलेला कपडा मी कुणाच्या हातात दिलेला नाही. त्याला येऊ नको म्हणून सांगा. काय करायचं ते तुम्ही तोंडाने बोला, मी हाताने करते."

"अगं, ते लोखंड आहे!"

"लोकरीचं आहे असं मी म्हटलं का?"

कितीतरी दिवसांनी बाबा हसले. त्या हसण्यातच भंगारवाला बाद झाला.

आईने बाबांचा जुना निळा डगला चढवला, केसांना फडकं बांधलं आणि तारेचा ब्रश घेऊन मावशीखाली शिरली. गंज खरवडणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. केसांत गंज, नाकात गंज, आंघोळीच्या पाण्याला चहाचा रंग. ड्रायव्हरच्या बाजूला तिने जरा जोर दिला तर तळाचा पत्रा ओल्या बिस्किटासारखा तुटून हातात आला. त्या भोकातून तिने डोकं वर काढलं तेव्हा नेमके काका दारात उभे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचं मालाचं गोदाम आहे आणि तोंडाला कुलूप नाही.

"वहिनी, तुम्ही गाडीत बसलाय की गाडी तुमच्यावर?"

"भाऊजी, तो ब्रश द्या इकडे, मग सांगते."

काकांनी ब्रश दिला, तासभर थांबले, हसत गेले आणि दोन दिवसांनी गोदामातून जाड हातमोजे घेऊन परत आले.

तळ नवा घालायचा तर वेल्डिंग हवं. कोपऱ्यावर लोखंडी फाटकं बनवणारा वेल्डर होता. त्याच्या पँटी आईच शिवायची. ती बाबांना घेऊन त्याच्याकडे गेली, गाडी करून द्या म्हणून नाही, मला शिकवा म्हणून. त्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग आईकडे, मग मुखवटा तिच्या डोक्यावर ठेवला. पहिले काही दिवस तिने पत्र्याच्या तुकड्यांवर जे काही केलं ते पक्ष्यांनी घाण केल्यासारखं दिसायचं. पातळ पत्र्याला भोकं पडायची, नाहीतर तापून तो असा वेडावाकडा व्हायचा की वेल्डर कपाळाला हात लावायचा.

"एका दमात ओढू नका हो ताई! इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका. मध्ये गार होऊ द्या."

आई मुखवटा वर करून त्या वाकड्या पत्र्याकडे बघत राहिली. "म्हणजे हा सरकतो. तिरप्या कापडासारखा. मग आधी कच्चे टाके घालायला हवेत."

"मी मघापासून दुसरं काय सांगतोय?"

"तुम्ही ठिपके म्हणत होता," आई म्हणाली.

त्या दिवसापासून तिचा हात बसला. जुन्या तळावर कागद ठेवून तिने बेत काढला, कडेला दुमडीसाठी जागा सोडली, पत्रा कापला, ठोकून गोलाई दिली आणि समोरासमोर एकेक टाका घालत नवा तळ जोडला. बाबा स्टुलावर बसून सांगायचे, आधी काय, मग काय, हा आधार काढू नको, नाहीतर सांगाडा बसेल. आई मान डोलवायची आणि बहुतेक वेळा ऐकायची.

बहुतेक वेळा. दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक पोकळ पट्टी जाते. गाडीचा अर्धा भार त्या पट्टीवर असतो. वरून ती बरी दिसत होती. आईने स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

"पुट्टी भरून रंग दे," बाबा म्हणाले. "खाली वाकून कोण बघतंय?"

मी दारातच उभी होते. बाबांच्या तोंडून हे वाक्य मला खोटं वाटलं. ज्या माणसाने छपाईत केसाएवढा रंग सरकला म्हणून कागदाचे गठ्ठे परत पाठवले, तो हे म्हणत होता.

"अस्तर कोणी बघत नाही म्हणून मी फाटकं लावते का?" आई म्हणाली.

"हा कोट नाहीये. दोन्ही बाजूंची पट्टी काढायची म्हणजे पुन्हा सगळं खोलायचं. आणखी अख्खा हिवाळा जाईल."

"जाऊ दे."

"तुला जाऊ दे म्हणायला काय जातंय!" बाबा ओरडले आणि हल्लीच हाती आलेली काठी आपटत घरात निघून गेले.

त्या आठवड्यात घरात दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाललं होतं. मी फोन केला की आई म्हणायची, त्यांना सांग गोळी घ्या. बाबा म्हणायचे, तिला सांग घेतली. शेवटी मी जेवायला आले तेव्हा बाबांनी ताटाकडे बघतच बोलायला सुरुवात केली.

"हात दिवसेंदिवस बिघडतोय. आता पायही मागे राहतो. मला फक्त एकदा चालवायची होती गं. उशीर झाला तर तेही जमणार नाही. म्हणून घाई."

आईने वाढण्याचा चमचा खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले, पण आवाज तिने हलू दिला नाही. "मग हे आधी सांगायचं. चालवाल तुम्ही. पण पोकळ गाडीत मी तुम्हाला बसू देणार नाही. मी दुकान दुपारी बंद ठेवते. गणवेशाचं काम यंदा दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे."

आणि तिने तसंच केलं. वेल्डर फुरसत मिळाली की यायचा, मुकाट्याने टाके तपासायचा आणि "हं" म्हणायचा. त्याचं "हं" म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दारात उभं राहून ते "हं" ऐकताना माझी छाती उगीचच फुगायची.

इंजिन मात्र बाबांचं. ते अडकून बसलं होतं. त्यात तेल सोडून त्यांनी ते भिजत ठेवलं, आणि रोज सकाळी आईला पाना लावून जरासा रेटा द्यायला सांगायचे. एके सकाळी ते हललं. मग आईचे हात आणि बाबांचे कान असं काम चाललं. ते डोळे मिटून बसायचे, "पाव फेरा सोड... अजून... थांब," आणि आई थांबायची. वसंतात पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा मी आणि काका हजर होतो. मावशी नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा तेच. काका काहीतरी बोलणार होते, पण आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विनोद गिळला. तिसऱ्यांदा इंजिनाने काळा धूर सोडला, गडगडलं आणि चालू राहिलं. बाबांनी इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला. गाडीही थरथरत होती आणि हातही. कुठलं काय ते कळत नव्हतं.

रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणी हवी. मीही आईबाबांबरोबर गेले. तपासनीस पेंगुळलेला माणूस होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात छोटी हातोडी. जुनी गाडी बघून त्याने उसासा टाकला, कारण अशा गाड्या वरून चकचकीत आणि आतून चाळणी असतात. तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. टक, टक, टक. पट्टीवरून हातोडी पुढून मागे गेली, मग मागून पुढे. मग दुसऱ्या बाजूला. आई पर्स छातीशी धरून उभी होती, एखाद्या पालकासारखी.

तो वर आला तेव्हा त्याची झोप उडालेली होती. "कुठल्या वर्कशॉपमध्ये केलं हे?"

"घरी," बाबा म्हणाले.

"वेल्डिंग कोणी केलं?"

"हिने."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि आईकडे बोट दाखवलं. त्याने पर्स, चष्मा, पिकलेले केस असं सगळं ओळीने पाहिलं. "बाई, कारखान्यातून आलेल्या गाडीला असे सांधे मी पाहिलेले नाहीत. किती वर्षं करताय?"

"शिवतेय तशी जन्मभर," आई म्हणाली. "पत्रा यंदाच धरला."

बाबा ताठ उभे होते. त्यांचा हात थरथरत होता आणि त्या दिवशी त्यांनी तो खिशात घातला नव्हता.

एवढं सगळं झालं आणि मावशी नापास झाली! हँडब्रेक धरत नव्हता. आणि हँडब्रेक बाबांचं खातं होतं. आईला म्हणाले होते, "यात तू पडू नकोस, हे मला कळतं." परतीच्या वाटेवर, मावशीला ओढून नेणाऱ्या टोचनगाडीत तिघं दाटीवाटीने बसलेलो असताना, आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. बाबा म्हणाले, "हस, हस एकदाची." मग तिघंही इतके हसलो की टोचनगाडीचा ड्रायव्हर दचकला.

पुढच्या खेपेला ती पास झाली. पण त्याआधीच आईने शब्द पाळला. डॉक्टरांनी बाबांना रस्त्यावर गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून काकांनी सुट्टीच्या दिवशी गोदामाचं आवार मोकळं करून दिलं. बाबा तपकिरी सीटवर बसले. आई शेजारी. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि घट्ट धरल्यावर हात बराच शांत झाला. मावशी हळूहळू आवारभर फिरली, ट्रकच्या धक्क्यापाशी वळली, पुन्हा आली, पुन्हा गेली. फाटकाशी काका टोपी काढून उभे होते आणि एक अक्षर बोलत नव्हते.

परवा दुपारी मी ऑफिसात होते. खालून कोणीतरी सांगत आलं, बाहेर एक भन्नाट जुनी गाडी उभी आहे, चला बघायला. मी खिडकीतून डोकावले. आई चालवत आली होती. बाबा शेजारी, काच खाली, कोपर बाहेर. मी जिना उतरेपर्यंत आमचे अर्धे सहकारी गाडीभोवती जमले होते. साहेबही होते, खाली वाकून तळ बघत. त्यांनी अदबीने बाबांना विचारलं, "काका, तळ कुणाकडून करून घेतलात? माझ्या वडिलांचीही एक पडून आहे, चांगला माणूस मिळत नाही."

बाबांनी नुसता अंगठा आईकडे वळवला.

सगळ्यांच्या माना तिकडे फिरल्या. आई जराशी लाजली, पण जराशीच. चष्म्याची काच फडक्याने पुसत तिने साहेबांना विचारलं, "आधी मला सांगा, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलात का?" साहेब नाही म्हणाले. "मग रविवारी येते मी बघायला," आई म्हणाली. "पुट्टी-बिट्टी लावून ठेवू नका."

"ही माझी आई," मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर कोणी विचारलं नव्हतं.