नळीवरचा आकडा

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. सोमीच्या सासऱ्याची जुनी ठासणीची बंदूक तो गेल्यावर देवूच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नावावर झाली होती. भातात शिरणारी रानडुकरं हुसकावण्यापुरतीच ती बाहेर निघे. बोईसरला बाजारही होईल म्हणून सोमी देवूसोबत गेली.

आजवर परवाना बघितला की पावती मिळायची. या वेळच्या हवालदाराने मात्र नळीवरचा गंज पुसला, परवाना वाचला, पुन्हा नळी निरखली आणि बंदूक आपल्याकडे ओढून घेतली. परवान्यावर 1403 आणि नळीवर, झिजलेल्या इंग्रजी अक्षरांना लागून, 9803, हे त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. खरी बंदूक कुणाला विकली, असं त्याने शांतपणे विचारलं.

देवूला बाकावर बसवलं, मोबाइल काढून घेतला. बिनपरवाना बंदुकीला किती वर्षं आत जावं लागतं, हे हवालदार दुसऱ्याला सांगत होता. सोमी ते ऐकत होती. घरी दोन लेकरं, कापणी तोंडावर. ती टेबलाजवळ सरकली आणि नळीवर तिची नजर पडली.

सोमी तिसरीपर्यंत शिकलेली. तिला मराठी आकडेच तेवढे येत. तिला तिथे सरळ १४०३ दिसत होतं. पण हे बोललं तर आपल्यालाही आत घालतील, या भीतीने ती मागे सरकली. तेवढ्यात हवालदाराने पंचनाम्याचा कागद ओढला.

"सायेब, तो नऊ नाय," ती कशीबशी म्हणाली. "मराठी एक हाय. फुडं चार."

हवालदार खेकसला. आतून फौजदार मॅडम आल्या. त्यांनी खडू मागवला, आकड्यांवर घासला आणि जास्तीचा बोटाने पुसला. खाचांत पांढरं भरलं. दुसऱ्या आकड्याचं डोकं उघडं होतं. आठ असता तर मिटलेलं असतं.

"चारच आहे," मॅडम म्हणाल्या. "यांना पावती द्या."

देवूला सही धड जमेना, शेवटी अंगठा घेतला. बाहेर येऊन सोमी रस्त्याच्या कडेलाच बसली.

"परत आणायला यायचा नाय," देवू म्हणाला. "खाऊ दे डुकरांना भात."

सोमीने होकारार्थी मान हलवली.