दोरीखालून कोणी जात नाही

शाळेची चिठ्ठी यारेत्सीनंच वाचून दाखवली. घरात इंग्रजी तिलाच यायचं, त्यामुळे विजेचं बिल असो की दवाखान्याचा कागद, वाचायचं काम या आठ वर्षांच्या बाईसाहेबांकडे. ती घडाघडा वाचत गेली आणि मध्येच थांबली. "विद्यार्थिनीचं वजन..." एवढं म्हणून तिनं चिठ्ठी आईच्या हातात ठेवली आणि फ्रॉक पोटावरून खाली ओढला. देल्फिनानं पुढचं विचारलं नाही. त्या ओढलेल्या फ्रॉकमध्येच सगळं आलं होतं.

गुरुवारी आरोग्य केंद्राच्या बाई चर्चच्या मागच्या खोलीत आल्या. बाई मनानं चांगल्या होत्या. चरबी कमी करा, गोड बाटल्या बंद करा, मक्याच्या पोळ्या, टोर्टिया, दोनच द्या, असं त्या सांगत गेल्या. देल्फिनाच्या सासूनं, जिला सगळी वस्ती आदरानं दोन्या कूका म्हणायची, मागच्या बाकावरून सुनावलं, की आमच्या चार पिढ्या टोर्टियांवरच काटकीसारख्या राहिल्या. पोरं जाड होतायत ती दाराला कडी घालून बसवल्यानं. बायका हसल्या. कागदावर हिरव्यागार बागेचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, रोज तासभर खेळायला न्या. देल्फिनानं विचारलं, "कुठल्या बागेत?" बाईंनी कागद उलटून पाहिला, जणू उत्तर मागच्या बाजूला छापलं असावं.

सीमेवरच्या नदीकाठच्या त्या वस्तीत बाग नव्हती. पाच कच्च्या गल्ल्या, मोकाट कुत्री, आणि हायवेचा सिग्नल चुकवायला संध्याकाळी वस्तीतूनच सुसाट जाणारे वाळूचे ट्रक. गेल्या वर्षी एकानं यारेत्सीची सायकल चिरडली. ती सायकलवर नव्हती, एवढंच नशीब. त्या दिवसापासून सहा वाजले की देल्फिना दार लावायची आणि टीव्ही लावून द्यायची. गतिरोधकासाठीच्या अर्जाला काउंटीच्या सरकारी कचेरीकडून दोन वर्षं एकच उत्तर येत होतं, विचार चालू आहे.

मग रविवारी समोरच्या घरी वाढदिवस झाला. गल्लीवर दोरी आडवी बांधली, मधोमध कागदी चांदणीची पिन्याता टांगली, पोटात खाऊ भरून, पोरांनी काठीनं फोडायला. एक ट्रक आला, थांबला, हॉर्नसुद्धा न वाजवता मागे वळला. ट्रकवाल्यालाही आई होती. पिन्याता टांगलेल्या दोरीखालून गाडी घालणारा माणूस नदीच्या या काठावर जन्मला नव्हता आणि त्या काठावरही नव्हता. यारेत्सी दोन तास धावली. गाल लाल, वेणी सुटलेली, श्वास फुललेला, आणि फ्रॉक कुठे वर गेलाय याची तिला शुद्ध नव्हती. देल्फिना बघत राहिली.

सोमवारी तिनं फुटकी चांदणी उचलून आणली, वर्तमानपत्र चिकटवून बुजवली आणि सहाच्या ठोक्याला स्वतःच्या दारातल्या झाडापासून समोरच्या खांबापर्यंत दोरी ताणली. आत काही भरलं नाही. बायकांनी स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आणून रस्त्यात मांडल्या, बीन्स निवडत बसल्या. पोरं सुटली.

तिसऱ्या दिवशी काउंटीचा पोलीस, डेप्युटी त्रेविन्यो आला. कोणाचा वाढदिवस, त्यानं विचारलं. देल्फिना म्हणाली, माझ्या मुलीचा. तो शुभेच्छा देऊन गेला. पुढच्या आठवड्यात परत आला तेव्हा हातात वही होती.

"सेन्योरा, तुमची मुलगी आठवडाभर रोज नऊ वर्षांची होतेय. वाळूवाल्यांची तक्रार आहे."

दोन्या कूका उठली, घरातून भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आली. टोर्टियाच्या दुकानानं वाटलेलं, प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाचा संत, म्हणजे रोजच कोणत्या तरी संताचा सण.

"आज सान पास्कुआल, लेकरा. उद्या सान फेलिक्स. अख्ख्या वर्षात एक दिवस रिकामा काढून दाखव, त्या दिवशी दोरी सोडते."

त्यानं खरंच दोन पानं चाळली. मानेवर घाम आला होता. मग म्हणाला, माझ्याही घरी हेच कॅलेंडर आहे, दोन्या, पण रस्ता अडवायला परवानगी लागते. आता सोडा, नाहीतर समन्स लिहावं लागेल.

यारेत्सी आईच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिचा हात आपोआप फ्रॉककडे गेला. देल्फिनाला तो दिसला.

"लिहा," ती म्हणाली. "नाव देल्फिना ओसुना. कारणही लिहा. मुलगी धावत होती."

"असं कारण नसतं, सेन्योरा."

"मग जे असेल ते लिहा. दोरी राहील."

त्यानं लिहिलं. कागद फाडून दिला तेव्हा त्याची नजर पोरीवर नव्हती, बुटांवर होती. देल्फिनानं कागदाची चौघडी केली, खुर्चीवर चढली, चांदणीच्या पोटातलं वर्तमानपत्र बाजूला सारून तो आत सरकवला. मग खाली उतरून काठी यारेत्सीच्या हातात दिली.

"आज आत काहीतरी आहे," ती म्हणाली. "फोड."

तिसऱ्या तडाख्याला चांदणी फुटली आणि सरकारी कागद धुळीत पडला. त्याच्यावरून आधी यारेत्सी धावली, मग बाकीची.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता वाळूचा पहिला ट्रक वस्तीच्या तोंडाशी आला. पहिल्या गल्लीवर दोरी होती. दुसरीवर होती. पाचवीवर पिन्याता मिळाली नव्हती, म्हणून कोणीतरी कागदात गुंडाळलेली बादलीच टांगली होती. ट्रक थोडा वेळ घुरघुरत उभा राहिला आणि मग हायवेच्या सिग्नलकडे वळला.