लाल डोळ्याने न पाहिलेली डबी

काकांनी अर्धी संपलेली गोळ्यांची डबी काउंटरवर ठेवली, आणि काकू गेल्याचे मला त्या दिवशी कळले. "एवढी एकदा दाखव त्याला," ते दुकानदाराला म्हणाले. त्याने दाखवली. संगणकाच्या पडद्यावर दोनच शब्द आले : नोंद नाही.

मित्रांनो, मी औषधाच्या दुकानातला जुना स्कॅनर आहे. मुठीला चिकटपट्टी आणि पुढे लाल उजेड. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक डबीवर तिचा स्वतःचा चौकोनी ठसा असतो. गोदाम, घाऊक व्यापारी, दुकान, जिथे ती जाईल तिथे माझ्यासारखा कोणीतरी तो वाचतो, आणि ती नोंद सगळ्यांकडे एकदम उमटते. याला ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींची साखळी म्हणतात. एकट्याने खाडाखोड केली, तर बाकीच्यांकडची नोंद त्याला खोटे पाडते. नकली औषधाला आत शिरायला वाट राहू नये, म्हणून हा खटाटोप.

मी नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक झाले. काकू हृदयाच्या गोळ्या घ्यायला यायच्या, तेव्हा काकांना विचारायच्या, "अहो, लाल डोळ्याला दाखवलंत का माझं औषध? तुमच्यापेक्षा नीट बघतो तो."

"मग उद्यापासून चहाही त्यालाच करायला सांग," काका म्हणायचे.

पुढे गिऱ्हाईक वाढले. मला खुंटीला टांगून दुकानदार भराभर डब्या देऊ लागला. दुपारी निवांत झाला, की फळीवरच्या तेवढ्याच डब्या मला दाखवून सकाळच्या विक्रीची नोंद भरून काढी. आकडा जुळे. पण विकलेली डबी एक असे आणि मी वाचलेली दुसरी. साखळीतले पुसता येत नाही हे खरे. पण जे तिला दाखवलेच नाही, ते तिला कसे कळणार?

काकू आता त्यालाच विचारत, तर "काकू, घरच्या माणसाला कसली तपासणी?" तो हसून म्हणे.

मग एकदा माल कमी पडला. त्याने ओळखीच्या एकाकडून थोड्या डब्या आणल्या. त्या खऱ्याच आहेत, असे त्याला वाटले. काकूंना त्यातलीच एक मिळाली. पुढे काकांनी ती तपासायला दिली, तर गोळ्यांत नुसती पांढरी भुकटी निघाली.

"तुला वाईट वाटतंय, ते दिसतंय मला," काका दुकानदाराला म्हणाले. "पण ती विचारायची रे तुला." मग त्यांनी विचारले, "बाकीच्या कुणी नेल्या?"

दुकानदाराला सांगता येईना. मलाही नाही.

मित्रांनो, कितीही घाई असो, आपली डबी वाचून घ्या. मला एक क्षण पुरतो, पण खुंटीवरून मला काही दिसत नाही.

त्या डब्या परत आणून द्या, अशी सूचना दुकानदाराने दारावर लावली आहे. काका रोज सकाळी बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "घरी कुणी हृदयाच्या गोळ्या घेतं का?" काही डब्या परत आल्या. बाकीच्या अजून सापडलेल्या नाहीत.