माटोळीखालची सही

चावी गाडीलाच ठेवायची ही पाळी गावाची जुनी खोड. तीच सतरा वर्षांच्या तनयाला नडली. गावातल्या गोकुळदासची स्कूटर घेऊन ती मुरगावची जहाजं बघायला गेली आणि येताना गाडी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, घातली. बाल न्याय मंडळाने कोर्टकज्जा टाळला. दोन महिने सगुणच्या हाताखाली गावाचं काम करायचं. गोकुळदासने समाधानाची सही दिली की फाइल बंद, नाहीतर पुन्हा मंडळापुढे.

सगुण म्हणजे पन्नाशीतही देवळाबाहेर गमतीने लोकांच्या चपला बदलणारा माणूस. पण रानातलं झाडन् झाड त्याला ठाऊक. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवरचं रानफळांचं छत, तोच बांधून देई. तनया झपाझप शिकली.

गोकुळदास मात्र हटून बसलेला. "हात मोडलो तरी सही ना!"

चवथीच्या आदल्या सकाळी त्याच गोकुळदासचा निरोप आला. शंभर फळांची त्याची माटोळी, आणि डिचोलीच्या बाजारात कवंडळं, ती लालभडक रानफळं, नाहीत! सगुणला उकळ्या फुटल्या. कवंडळं तनयाच्या पिशवीत होती.

"तोंडाक ओढणी गुंडाळ गो. मुंग्यो चावल्यो म्हण. माटोळी पुरी झाली की मी ओढणी काढतां. बांधलेली माटोळी कोण सोडता?"

गोकुळदासच्या घरी तनया ओढणी गुंडाळून स्टुलावर चढली. दोन कवंडळं अशी लटकवली की गोकुळदास विरघळलाच. "वा! कोणाची गो तू?"

ती खाली उतरली. ओढणी काढली. "तुमची स्कूटर व्हाळात घातली ती मी. नको असेल तर सांगा काका, दोनच बांधलीत. सोडते."

सगुणने कपाळावर हात मारला. एवढा छान डाव, पोरीने मातीत घातला!

गोकुळदासने तिच्याकडे पाहिलं, मग वरच्या रिकाम्या चौकटीकडे. "सोडतंस? मग उरलेली अठ्ठ्याण्णव काय ह्यो सगुण्या बांधतलो? चढ वर!"

दुपारी शेवटचं शिपटं, सुपारीचा घड, बांधून झालं तसा गोकुळदास म्हणाला, "कागद खंय तो?"

सगुणने खिशातून काढला. पेन नव्हतं.

"डिकीत आसा." स्कूटर व्हाळात गेली त्या दिवसापासून गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली चावी गोकुळदासने काढली आणि तनयाच्या हातावर ठेवली. "जा, पेन घेवन ये."

सगुणने अंगणाकडे कान लावले. डिकी उघडली. खट्. बंद झाली. गाडी सुरू झाल्याचा आवाज नाही, मग नुसती पावलं.

तनयाच्या एका हातात पेन, एका हातात चावी. गोकुळदासने ऐसपैस सही ठोकली. तनयाने चावी पुढे केली.

"माका कित्याक? गाडीकच लाव. पाळीत चावी गळ्यात कोण घालता?"