हिरव्या दोरीच्या खाली

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे, मासे धरायच्या गळाची. मला शोधू नका, दिसणार नाही. काठीच्या रिळावर वर दिसते ती जाड हिरवी दोरी वेगळी. तिच्या खाली, अगदी तळाशी मी आहे.

माझे मालक टेलरकाका. सुट्टीच्या दिवशी ते समुद्रात गळ टाकायला जात. तेव्हा मी त्यांच्या जुन्या रिळावर एकटीच असे. टोकाला शिशाचा गोळा बांधला की त्याच्या मागोमाग मी लांबवर झेपावायची. मासा लागला की काका म्हणत, "ही दोरी म्हणजे माझा उजवा हात!" मी खरंच हुरळून जायची.

मग काकांचा मेहुणा एक नवी काठी घेऊन आला. तिला शिसं लागत नाही. तिची हिरवी दोरीच जड असते आणि तीच फेकायची. टोकाला पिसांचं हलकं आमिष. काकांना वेड लागलं. शर्टाच्या काजांचा दोरा घेऊन ते शिवणाच्या दुकानातच पिसं बांधत बसू लागले. जुनी काठी माळ्यावर गेली.

पण मोठा मासा दूर पळाला तर हिरवी दोरी पुरत नाही. तिच्या मागे लांब, बारीक दोरी जोडलेली लागते. काका म्हणाले, "नवी कशाला? आहे ना जुनी!" मला केवढा आनंद झाला!

काकू म्हणाल्या, "थांबा, मी टोक ताणून धरते. सैल गुंडाळू नका."

"दोन मिनिटांचं काम आहे गं," असं म्हणत काकांनी मला नव्या रिळावर भराभर गुंडाळलं. सैल. वर हिरवी दोरी चढली आणि अंधार झाला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे तीन वर्षं झाली. लहान मासे लागत, हिरवीवरच भागे आणि कौतुकही तिचंच होई. घरी आल्यावर काका रीळ नळाखाली धरत. हिरवी स्वच्छ होई, तिचं खारट पाणी झिरपून माझ्यात मुरे. मी कधी वाळलेच नाही. जीव नुसता गुदमरायचा. एकच इच्छा होती, एकदा बाहेर पडायचं.

एका सकाळी मोठा मासा लागला. हिरवी दोरी सरसर संपली, आमची गाठ काठीच्या कड्यांतून खडखडत गेली आणि मी बाहेर आले! ऊन, वारा, पाणी! पन्नास हात धावले असेन. तेवढ्यात मागचा वेढा खालच्या सैल वेढ्यांत रुतला. रीळ जागच्या जागी अडलं. आमिषाजवळचा बारीक धागा तुटला आणि मासा गेला.

घरी काकांनी गुंता ओढून पाहिला. सुटेना. चिडून त्यांनी कात्री उचलली. मी सुन्न झाले.

काकूंनी त्यांचा हात धरला. "मशीनची बॉबिन सैल भरली म्हणून परवा कारागिराला केवढं बोललात! मग हे काय केलंत?"

काका ओशाळले. "चुकलंच माझं," म्हणाले आणि कात्री खाली ठेवली. दोघांनी सुईच्या टोकाने माझा एकेक वेढा सोडवला. मला गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि गॅलरीभर पसरलं. एक अख्खी दुपार मी उन्हात होते. तीन वर्षांनी पहिल्यांदा कोरडी.

संध्याकाळी काकूंनी टोक धरलं आणि काकांनी मला घट्ट गुंडाळलं. वर पुन्हा हिरवी आली. आता मी रुतणार नाही, कुणाला अडवणार नाही. पण खोटं कशाला बोलू, मला इथे आवडत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू तळाशी पडलेली असेल. तिला कधीतरी बाहेर काढा, धुवा, उन्हात ठेवा. आणि उन्हातून उचलायची घाई करू नका. तिला शेवटी परत आतच जावं लागतं.