बटाट्याचं पाप

कंपाउंडरकाकांच्या अंगणात सकाळपासून रांग लागली होती. कोणाचा हात भाजलेला, कोणाचा पाय चिघळलेला. काका बाटलीतलं पाणी जखमेवर सोडत आणि पांढरा फेस उसळे.

"बघा, आतलं पाप उकळून बाहेर पडतंय. मी कोण? मी फक्त बाटली धरतो."

लोक हात जोडत. बाटली धरणाऱ्याची मान मात्र ताठ असे.

रांगेत माझे बाबाही होते. मधुमेह, त्यात पायाच्या बोटांना जखम. "औषधानं पाप आत दबतं," असं काकांनी सांगितल्यावर त्यांनी गोळ्या आणि ड्रेसिंग, दोन्ही सोडलं होतं. मीही हरकत घेतली नाही. काका म्हणजे तीस वर्षं दवाखान्यात औषधं दिलेला माणूस. लहानपणी बाटल्यांवरची नावं वाचायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यामुळेच मी फार्मसीला गेले.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला मॅडमनी काचपट्टीवर जिवाणू घेतले आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. बुडबुडे उठले.

"हे कॅटलेज नावाच्या एन्झाइमचं काम. पुष्कळ जिवाणूंत असतं, आपल्या रक्तात असतं, कच्च्या बटाट्यातही असतं. पेरॉक्साइड फुटतं, ऑक्सिजन सुटतो. फेस आला म्हणजे जंतू मेले, असं समजू नका. खोल जखमेत ते पोचतही नाही."

काकांच्या बाटलीतलं 'पाणी' हेच होतं.

दुसऱ्या दिवशी मी चिरलेला बटाटा घेऊन रांगेत उभी राहिले. "काका, यावर टाका."

ते हलले नाहीत. मीच बाटली उचलून ओतली. बटाटा फेसाळला.

"अगं बाई," मागची म्हातारी म्हणाली, "बटाट्यानं कसलं पाप केलं?"

कोणीतरी हसलं.

"पोरी, तुला मी शिकवलं," काका हळूच म्हणाले.

"म्हणूनच विचारते. हे काय आहे, तुम्हाला माहीत होतं ना?"

नुसतं 'नाही' म्हणाले असते, तरी मी विश्वास ठेवला असता. त्यांनी खाली मान घालून बाटलीला बूच लावलं.

बाबांना त्याच दुपारी इस्पितळात नेलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. "तो माझ्याशी असं कसं वागेल गं?" असं ते अजूनही विचारतात.

तुम्हाला मात्र एवढंच सांगते: फेस दिसला की तो कशाचा, हे विचारा. समोरचा माणूस आपला असेल, तर त्याला आधी विचारा.